काचेखालचा आकडा

सुनेचे दोन्ही पाय गाडीच्या उघड्या दारातून बाहेर आले होते आणि बाकीची सून स्टिअरिंगच्या खाली, उताणी, तोंडात बारकी बॅटरी धरून पडली होती. बाबा चहाचा कप घेऊन शेजारी उभे होते. हाक मारून उपयोग नव्हता. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पायाला हात लावून सांगावं, तर सुनेच्या पायाला हात लावायचा कसा? ते जरा घुटमळले. मग कप डाव्या हातात घेऊन त्यांनी गाडीच्या टपावर बोटांनी दोनदा टकटक केली.

पाय हलले. आधी गुडघे, मग कोपर, मग धुळीने माखलेले केस असं करत सून बाहेर आली. कप घेण्याआधी तिने टपावर नेमका तिथेच तळहात ठेवला, जिथे बाबांनी टकटक केली होती. मग खिशातून मोबाइल काढला, एका अंगठ्याने भराभर काहीतरी लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"टपावरून हाक छान पोचते. यापुढे अशीच मारा."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. गेल्या आठवड्यापर्यंत सुनेने आपल्याला थेट काही सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

तसं कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली, तेव्हापासून सासरा-सुनेचं बोलणं मुलामार्फत चालायचं, एवढंच. ती ओठ वाचायची, पण बाबांच्या ओठांवर मिशी होती. साधीसुधी नव्हे, वरचा ओठ पार गिळून खालच्यावर टेकलेली. बाबा बोलायला लागले की मला नुसतं झुडूप हलताना दिसतं, असं तिने पहिल्याच महिन्यात नवऱ्याला सांगितलं होतं. मुलाने ते घरात सांगितलं, सगळे हसले, बाबाही हसले, आणि त्यानंतर तिच्यासमोर आणखीच कमी बोलू लागले. आईने मात्र भाजी निवडता निवडता सहा महिन्यांत हातांची भाषा उचलली. आता दोघींच्या गप्पा अशा रंगायच्या की गॅसवरचं दूध उतू जायचं.

मुलाला कंपनीने दोन महिन्यांसाठी बाहेर पाठवलं आणि त्याच सुमारास आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आठवड्यातून तीनदा तिला व्यायामासाठी रुग्णालयात न्यायचं होतं. ती वेळ सुनेच्या कामाची. गाडी दारात होती आणि बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

बसच्या वेगाच्या काट्याकडे ते क्वचितच बघत. बसच सांगायची. पंचविसाला मागच्या काचा खडखडायच्या, पस्तिसाला पायाखालचा पत्रा गुणगुणायला लागायचा, पन्नासाला गिअरच्या दांड्याला कापरं भरायचं. मुलाची गाडी विजेवरची. कितीही पळवा, तोंडातून ब्र काढायची नाही. तिला काटाही नव्हता. डॅशबोर्डच्या मधोमध थाळीएवढा पडदा, त्यावर नकाशा, गाणी, हवामान, कुठलं दार नीट लागलं नाही ते. आणि वेग कुठे, तर एका कोपऱ्यात, बोटाच्या नखाएवढा. तो वाचायचा तर रस्त्यावरची नजर काढायची आणि लांबचा चष्मा काढून जवळचा घालायचा. बाबा वाचत नसत. त्यांना अंदाज होता.

तिसऱ्या आठवड्यात रहदारी खात्याची नोटीस मुलाच्या फोनवर गेली, कारण गाडी त्याच्या नावावर होती.

"बाबा, शाळेच्या रस्त्यावर त्रेपन्न? तिथे तीसची पाटी आहे."

"तीसच होता माझा."

"फोटो आलाय बाबा. वेळेसकट."

बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी येईपर्यंत गाडी नका काढू. टॅक्सीने जात जा दोघं. प्लीज."

"बरं."

त्यांनी किल्ली कपाटाच्या खणात ठेवली. वाद नाही, कटकट नाही. आईला ते चमत्कारिक वाटलं. "मुलगा जरा बोलला तर एवढं फुगायचं?" ती म्हणाली. टॅक्सीवाले कचकन ब्रेक मारायचे, प्रत्येक धक्क्याला आई खुब्यावर हात दाबून डोळे मिटायची, आणि शेजारी बसलेल्या बाबांचा उजवा पाय नसलेला ब्रेक अलगद दाबत राहायचा.

सुनेने हे पाहिलं ते एका सुट्टीच्या दिवशी, ती टॅक्सीत बरोबर होती तेव्हा. घरी आल्यावर तिने खणातून किल्ली काढली, जेवणाच्या टेबलावर बाबांपुढे ठेवली आणि भुवया उंचावल्या. आई आत आडवी झाली होती. अर्थ लावून द्यायला मुलगा नव्हता. बाबांनी किल्लीकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटलेलं पान फाडलं आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर, डेपोत अहवाल लिहायचे तसं, सावकाश लिहून काढलं.

"दिनांक बारा. तुझ्या सासूबाईंना रुग्णालयात सोडून औषध आणण्यास एकटा निघालो होतो. शाळेसमोर 'थांबा'ची पाटी धरणारी बाई मुलांना घेऊन रस्त्यात उतरली होती. मी ब्रेक मारला. गाडी थांबली. गाडी व बाई यांत हातभर अंतर उरले. बाईने माझ्याकडे पाहिले नाही, आधी मुलांना पलीकडे नेले. माझा वेग तीस आहे असे मला वाटत होते. घरी सांगितलेले नाही. एकतीस वर्षांत असे झाले नव्हते."

सुनेने ते उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा वाचलं. बाबा टेबलाच्या कडेकडे बघत होते. तिने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि खाली लिहिलं, "आकडा समोर दिसला असता तर?"

"तीस ठेवला असता," बाबांनी लिहिलं.

"मग दिसायला हवा."

एवढंच. तिने कागदाची घडी करून बाबांच्या हातात परत दिली. त्या कागदाबद्दल नंतर ती आईशी बोलली नाही, नवऱ्याशीही नाही.

रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेत ती काम करायची. रोग्याची नाडी, श्वास, रक्तदाब दाखवणारे पडदे दिवसभर तिच्या हाताखालून जात. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिने बाबांना गाडीत बसवलं, लांबचा चष्मा घालायला लावला आणि वर्तमानपत्र त्यांच्या नाकासमोर धरून हळूहळू मागे नेत गेली. अक्षरं स्वच्छ दिसली की हात वर करायचा. बाबांनी हात वर केला. तिने टेपने मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. अंतर भरलं ते थेट समोरच्या काचेच्या पायथ्याशी. तिथे तिने खडूने फुली मारली आणि मोबाइल दाखवला.

"नर्सला दारातून आकडा दिसला पाहिजे. जवळ जाऊन वाचावा लागला तर ते यंत्र नापास. तुमच्या गाडीचा पडदा नापास आहे."

बाबांना फार बरं वाटलं. गेले कित्येक दिवस नापास कोण, याबद्दल त्यांच्या मनात दुसरंच उत्तर होतं.

स्टिअरिंगखाली मेकॅनिक लोक आपलं यंत्र जोडतात तो सॉकेट होता. त्यातूनच तिने तार काढली, आणि त्याच दिवशी बाबांनी टपावरून पहिली हाक मारली. कप रिकामा करून तिने आणखी लिहिलं होतं, "गाडीचे सगळे भाग एका तारेवरून अखंड बोलत असतात. चाकं, ब्रेक, बॅटरी. मला फक्त त्यांतलं चाकांचं बोलणं ऐकायचंय."

बाबांनी 'ऐकायचंय' या शब्दावर थांबून तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती.

मार्केट यार्ड घराला लागूनच होतं; त्याच्या सुट्टीच्या दिवशी ती दोघं गाडी चालण्याच्या वेगाने तिथे घेऊन गेली. गाळे बंद, काँक्रीटचं मैदान मोकळं. सून लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसली. पडद्यावर आकड्यांच्या ओळी मुंग्यांसारख्या पळत होत्या. ती तळहात वर करी, बाबा वेग वाढवत. खाली करी, कमी करत. आडवा धरी, तेव्हा आहे तोच वेग राखत. दोन तास हेच. मग तिने एकदम हात थांबवला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. एकच ओळ उरली होती. बाबांनी पाय किंचित दाबला, आकडा चढला. पाय सैल सोडला, उतरला. आपलं पाऊल असं समोर लिहून आलेलं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तिने लिहिलं, "तुमचा पाय इतका स्थिर नसता तर हे सापडायला आठवडा लागला असता. तुमचा मुलगा चालवतो तसं चालवलं असतं तर महिना."

पुढचे दिवस मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर गेले. बाबा वर्तमानपत्र घेऊन तिथेच बसू लागले; पान मात्र उलटत नसे. ती तारांच्या जोडांना कथलाचा डाग द्यायची तेव्हा श्वास धरायची. टाचणीच्या डोक्याएवढी जागा, तापलेलं टोक एकदाच टेकवायचं आणि उचलायचं. कधी एखादा जोड मनासारखा बसला नाही तर न चिडता सगळं पुसून पुन्हा. डेपोत बाबांनी पुष्कळ कारागीर पाहिले होते. काही हात चालवायचे, काही तोंड चालवायचे. आणि वर्षा-दोन वर्षांत एखादा असा यायचा, ज्याने बसवलेला ब्रेक घेऊन घाटात निर्धास्त जावं. ते सुनेच्या हातांकडे बघत राहायचे आणि आई दारातून म्हणायची, "अहो, पेपर उलटा आहे."

आकड्याचा रंग ठरायला तीन दिवस लागले. निळा लांबून विस्कटलेला दिसायचा, लाल डोळ्यांत घुसायचा. हळदी पसंत पडला. दोन बोटं उंचीचा, ठसठशीत. वरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडू नये म्हणून तिने काळ्या प्लॅस्टिकची टोपी कापून बसवली. उन्हात उजेड वाढावा आणि संध्याकाळी कमी व्हावा म्हणून डाळीच्या दाण्याएवढा एक भाग जोडला. यार्डात पहिल्यांदा तो आकडा काचेखाली उमटला, तेव्हा बाबांना मान वळवावी लागली नाही. रस्ता आणि वेग एकाच नजरेत होते.

पण आकडा नाचत होता. एकोणतीस, एकतीस, तीस, एकतीस. सुनेला हे ठाऊकच होतं. रोग्याची नाडीही अशीच नाचते. तिने मागच्या तीन सेकंदांची सरासरी दाखवायची व्यवस्था केली आणि आकडा शहाण्यासारखा बसला. बाबांना मात्र काहीतरी खटकलं. काय ते सांगायचं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडी थांबवायची, मोबाइल घ्यायचा, एका बोटाने अक्षरं शोधायची. तोवर मनातलं अर्धं निसटून जायचं. तीनदा त्यांनी लिहायला घेतलं आणि तीनदा "असू दे" असा हात केला. सून घाई न करता वाट बघत होती. त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा न्हाणीघरातून बाहेर आले आणि आई वॉकर धरून जागच्या जागी थांबली.

"अगंबाई! हे कोण पाहुणे?"

मिशी होती, पण ओठाच्या वर, कातरून बारीक केलेली. खाली दोन ओठ होते, कित्येक वर्षांत ऊन न लागलेले.

"लग्न झाल्यापासून सांगतेय, चहात बुडते, कापा. तेव्हा नाही कापली," आई म्हणाली. रागावल्यासारखं करायला गेली, पण तिला ते जमलं नाही.

सून स्वयंपाकघरात आली आणि दारातच उभी राहिली. बाबा खिडकीच्या उजेडात सरकले. घसा खाकरला, तिच्याकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "काल... मला... सांगायचं... होतं..."

सुनेने आईकडे वळून हातांनी काहीतरी सांगितलं. आईला हसू आवरेना.

"ती म्हणतेय, इतकं सावकाश नका बोलू. तिला ऐकू येत नाही, ती मठ्ठ नाहीये."

बाबाही हसले. मग नेहमीसारखे बोलले. "वेग धरला की आकड्याने गप्प बसावं, ते बरोबर आहे. पण काल मी ब्रेक मारला, गाडी उभी राहिली, आणि तो अजून बारा दाखवत होता. ब्रेकला उशीर नको. ब्रेकला उशीर करणारा आकडा खोटं बोलतो."

तिची नजर त्यांच्या ओठांवरून हलली नाही. वाक्य संपताच ती हातातला चहाचा कप ओट्यावर ठेवून मागच्या खोलीत गेली. चहा गार झाला. तासाभराने बाहेर आली ती डोळे चमकवत. एका सुरात गाडी चालली असेल तेव्हा आकडा शांत. पाय ब्रेककडे गेला की सरासरी सोडून तत्क्षणी खरा. तिने मोबाइल पुढे केला.

"हे मला सुचलं नसतं. रोगी ब्रेक मारत नाहीत."

यार्डाच्या पुढच्या सुट्टीला, शाळा सुटायच्या वेळी, ती दोघं रस्त्यावर निघाली. निघण्याआधी सुनेने नवऱ्याला कळवलं, "बाबा आज गाडी रस्त्यावर काढताहेत. मी शेजारी आहे." त्याचं उत्तर यायच्या आत फोन पिशवीत टाकला.

शाळेचं वळण आलं. आकडा चौतीस होता. त्यांनी पाय सैल केला. बत्तीस, तीस. तीसवर आकडा थांबला आणि हलला नाही. पुढे पाटीवाली बाई फुटपाथवर उभी होती, तीच, डोक्याला रुमाल बांधलेली. तिने पाटी उचलली. आकडा उतरू लागला. वीस, अकरा, चार, शून्य. गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या चांगली दोन पावलं अलीकडे थांबली, इतकी अलगद की सुनेच्या मांडीवरची पिशवी सरकली नाही. मुलं गेली. बाईने गाडीकडे पाहिलं की नाही, ते बाबांना कळलं नाही. ते काच खाली करून काहीतरी म्हणणार होते. पण बाई पुढच्या मुलांकडे वळली होती, आणि तिचं तेच काम होतं.

परतताना यार्डाचं फाटक उघडं दिसलं. सुनेने आत वळायची खूण केली. मैदानात गाडी थांबल्यावर ती उतरली, वळसा घालून आली आणि चालकाच्या बाजूच्या काचेवर टिचकी मारली. तिच्याकडे परवाना होता हे बाबांना माहीत होतं. पण ती कामावर स्कूटरने जायची, आणि तिला गाडी चालवताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते शेजारच्या सीटवर सरकले आणि पडदा वाचता यावा म्हणून जवळचा चष्मा चढवला.

सीट पुढे घेऊन तिने आरसा ठीक केला. मग काचेखालच्या आकड्याचं बटण दाबलं. हळदी उजेड विझला.

"अगं, तो कशाला बंद केलास?" बाबांनी तिच्याकडे तोंड करून विचारलं.

तिने मान हलवली. आपल्याला लागत नाही, अशी बोटं हलवली.

"मग पडद्यावर बघतेस?"

पुन्हा नाही. तिने पाठ सीटला टेकवून दाखवली, दोन्ही तळहात स्टिअरिंगवर ठेवून दाखवले, आणि गाडी सुरू केली.

बाबांनी मधल्या पडद्याच्या कोपऱ्यात नजर लावली. वीस. तीस. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस, वळणानंतर पुन्हा तीस. तिचे डोळे समोर होते, एकदाही आकड्याकडे वळले नाहीत. तिने कधीच कुठलं इंजिन ऐकलं नव्हतं. खडखडणाऱ्या काचा नाहीत, गुणगुणणारा पत्रा नाही. गाडी गप्प झाली म्हणून तिचं काहीच गेलं नव्हतं.

पुढच्या फेरीला तिने डाव्या हाताने बाबांच्या बाजूचं दार दाखवलं, आपला तळहात हवेत आडवा धरला आणि क्षणभर भुवया खाली आणून डोळे मिटल्यासारखं केलं. मग हात परत स्टिअरिंगवर.

बाबांना समजलं. त्यांनी दारावर तळहात ठेवला. दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग असताना एकतीस वर्षांत, आणि त्यानंतरही, त्यांनी कधी डोळे मिटले नव्हते. मुलाच्या शेजारी बसले तरी त्यांचाच पाय दुखायचा. त्यांनी डोळे मिटले.

आधी काहीच नव्हतं. मग त्या काहीच नसण्याच्या खाली एक बारीक थरथर लागली, आणि तिच्यातून ठराविक अंतराने एकेक ठोका. काँक्रीटच्या फरशांचे सांधे चाकांखालून जात होते. ठोके जवळजवळ येऊ लागले. थरथर तळहातातून मनगटात चढली, आणखी बारीक झाली. बाबांनी ओठ हलवले आणि मग लक्षात आलं, ती रस्त्याकडे बघते आहे. त्यांनी दुसरा हात तिच्या नजरेच्या टप्प्यात वर केला. आधी तीन बोटं, मग पाच.

डोळे किलकिले करून त्यांनी पाहिलं. सुनेने त्यांच्या बोटांवर ओझरती नजर टाकली, अंगठा आणि तर्जनी यांत तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवून दाखवली आणि हात खाली आणला. तेवढं कमी.

पडद्याच्या कोपऱ्यात चौतीस होते.

बाबांनी तळहात दारावर नीट पसरून ठेवला आणि पुन्हा डोळे मिटले.